‘हेच ते’ म्हणण्याची किंमत

वस्तू विकत घेताना माणूस दोन प्रश्न विचारतो: वस्तू चांगली आहे काय, आणि मागितलेली किंमत तिच्या योग्यतेला साजेशी आहे काय. कापड, तांदूळ, तांब्यापितळेची भांडी ह्यांच्या बाबतीत एवढे दोन प्रश्न पुरतात. परंतु काही वस्तू अशा असतात, की त्यांच्याविषयी विक्रेता एक तिसरेच विधान करतो. तो म्हणतो, ‘ही वस्तू नवी आहे खरी, पण ती तीच आहे. साठ वर्षांपूर्वी थोर थोर वादकांच्या हाती जी होती, तीच ही.’ ह्या ‘तीच’ शब्दासाठी तो अधिक पैसे मागतो. हे अधिक पैसे द्यावे काय, हा वरवर पाहता व्यवहाराचा प्रश्न वाटतो. थोडे खोल गेल्यास त्याच्या तळाशी ओळख, स्मृती, श्रम आणि मोह ह्यांचा गुंता आढळतो. आणि मग तो प्रश्न तर्काचा व नीतीचाही होऊन बसतो.

ह्या लेखात त्याचे एकच उदाहरण घ्यावयाचे योजिले आहे. ते बेस गिटार ह्या वाद्याच्या नव्याने काढलेल्या जुन्या आवृत्तीचे. देवळाच्या सभामंडपात ज्यांचे कान तयार झाले, त्यांना हे उदाहरण परके वाटण्याचा संभव आहे. परंतु ते तितकेसे परके नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या नृत्यवृंदांतून व हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळांतून जे वादक बसत, त्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्याची विद्या त्यांच्यापैकी अनेकांनी गावच्या चर्चच्या शाळेत संपादन केली होती, आणि अशा वादकांच्या हातून ही परदेशी वाद्ये आपल्या कानांच्या ओळखीची झाली. आज तर भजनाला पेटी धरणाऱ्या घरातला मुलगाही महाविद्यालयाच्या वाद्यवृंदात बेस वाजवितो, आणि एके दिवशी वडिलांपुढे दोन लाख रुपयांच्या वाद्याची गोष्ट काढतो. त्या वेळी वडिलांनी काय उत्तर द्यावे, हे ठरविण्यासाठी केवळ पैशांचा हिशेब पुरत नाही.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. बेस गिटारला बहुधा चार तारा असतात, आणि साध्या गिटारीच्या खर्जाकडील चार तारांपेक्षा त्या एक सप्तक खाली लावलेल्या असतात. तंबोऱ्याची खर्जाची तार, किंवा पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू, आपल्या संगीतात जो आधार देते, तसा आधार हे वाद्य पाश्चात्त्य मेळात देते. श्रोत्याचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते; पण ते मध्येच थांबले तर सारे गाणे अधांतरी लोंबकळू लागते. पूर्वी हे काम मुख्यतः डबल बेस हे माणसाएवढ्या उंचीचे, उभे धरून वाजवावयाचे वाद्य करीत असे. ते प्रवासात नेणे जिकिरीचे. विजेच्या गिटारी आणि पितळी वाद्ये ह्यांच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. आणि त्याला पडदे नसल्यामुळे स्वर अचूक सापडण्यास दीर्घ मेहनत घ्यावी लागे.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन ह्या गावी लिओ फेंडर नावाचा गृहस्थ होता. रेडिओ-दुरुस्ती हा त्याचा मूळचा धंदा. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. वादकांच्या अडचणी ऐकून त्याने १९५१ साली एक भरीव लाकडाची, विजेवर चालणारी, पडदे असलेली बेस गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून तिचे नावच ‘प्रिसिजन बेस’, म्हणजे अचूक बेस, असे ठेविले. किंमत होती १९९ डॉलर ५० सेंट. १९५७ साली तारांचे कंपन टिपणारा तिचा पिकअप त्याने दोन भागांत विभागला, आणि विजेची घरघर त्यामुळे दबली. १९६० साली ‘जाझ बेस’ हे दुसरे वाद्य निघाले. जानेवारी १९६५ मध्ये फेंडरने आपला कारखाना सीबीएस ह्या बलाढ्य कंपनीस १ कोटी ३० लाख डॉलरांना विकून टाकिला.

येथून आपल्या प्रश्नाची सुरुवात होते. पुढील वर्षांत कारखाना वाढला, उत्पादन वाढले; पण जुन्या वाद्यांची सर नव्यांना नाही, असे वादक बोलू लागले, आणि १९६५ पूर्वीची वाद्ये शोधून शोधून चढ्या भावाने घेऊ लागले. जपानी कारखान्यांनी ही नाडी ओळखून जुन्या नमुन्याच्या उत्तम नकला बाजारात आणिल्या. तेव्हा १९८२ साली खुद्द फेंडर कंपनीने आपल्याच १९५७ व १९६२ च्या वाद्यांच्या नव्या आवृत्त्या काढावयाचे ठरविले. ह्या कथेतील एक बारकावा मोठा बोधप्रद आहे. नमुन्यासाठी जुनी वाद्ये हवी होती, ती कंपनीजवळ नव्हती. तिच्या माणसांना बाहेरच्या दुकानात जाऊन आपल्याच कारखान्याची जुनी वाद्ये पैसे मोजून विकत आणावी लागली. आपल्या हातची विद्या आपल्या हातून गेली होती, आणि ती परक्याच्या दुकानातून मापे घेऊन परत शिकावी लागली. ह्या आवृत्त्या काढणे हीच एक प्रकारे कबुली होती, की मधल्या काळात काही तरी हरवले होते.

आता ‘तीच’ ह्या शब्दाकडे वळू. आपल्या शास्त्रकारांनी ह्या शब्दाची जितकी चिकित्सा केली आहे, तितकी क्वचितच कोणी केली असेल. पूर्वी काशीस पाहिलेला देवदत्त आज येथे दिसला असता ‘तोच हा देवदत्त’ असे जे ज्ञान होते, त्यास प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि वेदान्ताच्या प्राथमिक ग्रंथांतही हे उदाहरण येते. ‘तो’ म्हणजे त्या काळचा व त्या स्थळाचा. ‘हा’ म्हणजे ह्या काळचा व ह्या स्थळाचा. काळ आणि स्थळ बाजूस सारले म्हणजे उरणारी व्यक्ती एकच. बौद्ध पंडितांनी ह्यावर आक्षेप घेतला. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याकडे पाहून आपण ‘तीच ज्योत’ म्हणतो. वास्तविक क्षणाक्षणाला नवी ज्योत उत्पन्न होत असते, आणि सारखेपणालाच आपण एकपणा समजतो. मिलिंद राजास नागसेनाने विचारलेला रथाचा प्रश्नही ह्याच कुळातला: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोणता? ग्रीसमध्ये थीसियसच्या नौकेविषयी हाच वाद होता. कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलीत गेल्यावर ती नौका तीच राहिली काय, हे तेथील विचारवंतांचे नित्याचे कोडे होते.

ह्या दृष्टीने पाहता नव्या आवृत्तीचे वाद्य ‘तोच देवदत्त’ नव्हे, हे उघड आहे. १९६२ साली तयार झालेले लाकूड निराळे, हे निराळे. तो कारागीर निराळा, हा निराळा. ते फार तर देवदत्तासारखे दिसणारे त्याचे नातवंड म्हणता येईल. परंतु एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणे न्याय्य होणार नाही. कारण लिओ फेंडरच्या वाद्याची घडणच विलक्षण होती. जुन्या गिटारींची दांडी धडाला सरसाने कायमची जोडलेली असे. त्याने ती चार स्क्रूंनी बसविली. हेतू हा, की एक दांडी बिघडली तर काढून दुसरी लावता यावी आणि वादकाचा धंदा खोळंबू नये. म्हणजे हे वाद्य पहिल्या दिवसापासूनच सुट्या, बदलता येण्याजोग्या अवयवांचे होते. एका चित्रकाराने एकदाच रंगविलेल्या चित्रासारखे ते नव्हते. छापलेल्या ग्रंथासारखे होते. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली तर ती ‘नक्कल’ आहे असे कोणी म्हणत नाही. अक्षरे तीच असतील, पाठ शुद्ध असेल, तर वाचकाला जे हवे ते सारे तीत आहे. ह्या अर्थाने नव्या आवृत्तीचे वाद्य मूळ रचनेचा शुद्ध पाठ देऊ शकते, आणि तसे ते देत असेल तर त्याच्याविषयी तुच्छतेने बोलण्याचे कारण नाही.

पाठ मात्र संपूर्ण शुद्ध असू शकत नाही, ह्याचे एक कारण जाणून घेण्यासारखे आहे. १९५९ पासून फेंडरच्या वाद्यांच्या पडद्यांखालची पट्टी ब्राझीलच्या रोझवूड लाकडाची असे. ते झाड इतके तोडले गेले, की १९९२ साली आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या व्यापारास बंदी झाली. फेंडरच्या कारखान्यात तर साठीच्या दशकातच त्याची जागा भारतीय रोझवूडने घेतली होती. हे भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसवी, जिचे झोपाळे व पलंग जुन्या घरांतून अजून पाहावयास मिळतात. सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या ह्या झाडाच्याही व्यापारावर आता आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत. ‘अगदी तेच’ हवे असा हट्ट धरणाऱ्याने क्षणभर ह्या रानांचा विचार करावा. काही बाबतींत मूळ वस्तू पुन्हा तशीच होत नाही हे दुःखाचे आहे. आणि ती तशीच व्हावी म्हणून उरलेले अरण्य तोडणे हे त्याहून दुःखाचे होईल.

आता किमतीचे गणित पाहू. अमेरिकेतील सर्वसाधारण भावमान १९५१ पासून आजवर सुमारे १२ पट वाढले आहे. त्या हिशेबाने १९९ डॉलर ५० सेंट म्हणजे आजचे जवळजवळ २,४०० डॉलर होतात. फेंडर कंपनीने २०२२ साली कॅलिफोर्नियातील कारखान्यात केलेल्या जुन्या नमुन्याच्या वाद्यांची जी माला काढिली, तीतील बेसची किंमत २,००० डॉलरांहून अधिक होती. म्हणजे १९५१ सालच्या वादकाला मूळ वाद्य जितके जड गेले असेल, साधारण तितकेच आजच्या अमेरिकन वादकाला त्याची नवी आवृत्ती जड जाते. हे पाहिल्यावर ‘ही तर उघड लूट’ असे म्हणणाऱ्यास आपला शब्द मागे घ्यावा लागेल.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. १९५१ साली असे दुसरे वाद्यच नव्हते. ज्याला हवे त्याला तेच घेणे भाग होते. आज तीच कंपनी तोच घाट मेक्सिकोतील कारखान्यात निम्म्याच्या आसपास किमतीत, आणि आपल्याच दुसऱ्या नावाखाली आशियातील कारखान्यांत सुमारे पाचव्या हिश्श्यात करून विकते. पूर्वी पुष्कळसे काम हाताने होई. आता लाकूड कापण्याचे मुख्य काम सर्वत्र संगणकाने चालणारी यंत्रे करतात, त्यामुळे स्वस्त वाद्यही पूर्वीइतके ओबडधोबड राहिलेले नाही. शिवाय भारतात येईतो वाहतूक व आयातकर ह्यांची भर पडते, आणि आपल्याकडील कुटुंबाचे उत्पन्न अमेरिकन वादकाच्या उत्पन्नाएवढे नसते. ज्या किमतीला तेथे दोन-तीन आठवड्यांचे वेतन पुरते, तिला येथे कित्येक महिन्यांचे लागते. किंमत एकच असली तरी ती देण्यासाठी खर्ची पडणारे आयुष्य सर्वत्र सारखे नसते, आणि ‘परवडते काय’ ह्या प्रश्नाचा खरा अर्थ हाच आहे.

म्हणून किमतीचे तीन वाटे करून पाहणे बरे. पहिला वाटा लाकूड, धातू आणि मजुरी ह्यांचा. तो देण्यात कोणी संकोच करू नये. चांगल्या कामाला चांगला दाम देणे हे धर्माला धरूनच आहे. दुसरा वाटा ज्ञानाचा: जुन्या वाद्याची मापे घेणे, दांडीची जाडी, तारांचा ताण, वेटोळ्यांचे फेरे पुन्हा जुळविणे, ह्याला लागलेल्या बुद्धीचा. हाही रास्त आहे; हरवलेली विद्या परत मिळविण्याचे श्रम त्यात आहेत. तिसरा वाटा आहे नावाचा आणि आठवणीचा. खरा पेच ह्या तिसऱ्या वाट्यात आहे.

नाव कानाला किती फसविते, ह्याचा एक प्रयोग व्हायोलिनच्या बाबतीत झालेला आहे. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे २१ वादकांना डोळ्यांवर काळा चष्मा घालून सहा व्हायोलिने वाजवावयास दिली. त्यांत तीन नवी होती. उरलेल्या तिनांत दोन स्ट्रॅडिव्हेरीची आणि एक ग्वार्नेरीचे, म्हणजे कोट्यवधींच्या मोलाची. वादकांना नवे कोणते आणि जुने कोणते हे विश्वासाने सांगता आले नाही. सर्वांत अधिक पसंती एका नव्या वाद्याला मिळाली, आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरीला. दोन वर्षांनी पॅरिसजवळ दहा नामांकित एकलवादकांवर हाच प्रयोग झाला; त्यांतील सहा जणांनी नवे वाद्य निवडले. ह्यावरून जुनी वाद्ये वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. निष्कर्ष एवढाच, की नाव डोळ्यांनी वाचल्यावर जो नाद आपल्याला ऐकू येतो, त्यातला काही भाग वाद्यातून येत नाही, आपल्या मनातून येतो. व्हायोलिनसारख्या सूक्ष्म वाद्याच्या बाबतीत जर असे होते, तर ज्याचा आवाज तार, ध्वनिवर्धक आणि कर्णा ह्यांतून गाळून येतो, त्या विजेच्या वाद्याच्या बाबतीत अधिकच सावध राहिले पाहिजे.

आठवणीची गोष्ट नावाहूनही नाजूक आहे. १९९५ पासून फेंडरच्या खास कारागिरांकडून मुद्दाम जुनाट केलेली वाद्ये विकली जाऊ लागली. नव्या वाद्याचा रंग खरवडावयाचा, कडा झिजवावयाच्या, धातूला गंज आणावयाचा, आणि ह्या कामाचे वेगळे दाम घ्यावयाचे. वाद्य विकणारा हे काही लपवीत नाही. म्हणून ह्यात फसवणूक नाही. झिजलेल्या कडा हाताला सुखावह लागतात, आणि पहिला ओरखडा पडण्याची धास्ती उरत नाही, असा युक्तिवादही त्याच्या बाजूने करतात. त्यात तथ्य आहे. तरीही मनास काही तरी टोचते. आपल्या देवघरातील सहाणेला चंदन उगाळून उगाळून जो खळगा पडतो, तो आजीच्या, पणजीच्या रोजच्या हाताचा असतो. उद्या बाजारात यंत्राने खळगा पाडलेली सहाण अधिक दामाने मिळू लागली, तर ती घ्यावी काय? चंदन तीवरही उगाळले जाईल. पण तो खळगा जे सांगतो ते खरे नसेल. श्रमाची खूण श्रमावाचून विकत घेणे, ही फसवणूक झालीच तर ती घेणाऱ्याने स्वतःचीच केलेली असते.

ज्यांच्या आठवणीसाठी ही वाद्ये घेतली जातात, त्यांनी स्वतः आपल्या वाद्यांशी कसा व्यवहार केला, हे पाहिले म्हणजे तिसऱ्या वाट्याचा उलगडा होतो. डेट्रॉइटच्या मोटाउन ह्या ध्वनिमुद्रण-संस्थेत जेम्स जेमर्सन नावाचा वादक साठीच्या दशकात १९६२ ची प्रिसिजन बेस वाजवीत असे. उजव्या हाताच्या एका तर्जनीने तो तारा छेडी, आणि जुन्या तारा सहसा बदलीत नसे. १९८३ साली त्याच्या मृत्यूपूर्वी थोडेच दिवस ते वाद्य चोरीस गेले, आणि पुन्हा सापडले नाही. त्याचे वादन मात्र शेकडो ध्वनिमुद्रणांत शाबूत आहे. दुसरा जाको पास्टोरिअस. त्याने १९६२ च्या जाझ बेसचे पडदे उपटून काढले, खाचा भरून घेतल्या आणि वरून नौकांना लावतात ते कठीण लुकण चढविले; कारण त्याला हवे असलेले मिंडीचे काम पडद्यांवर होत नव्हते. आज ज्या वर्षाच्या वाद्याला हात लावताना लोक श्वास रोखतात, त्या वाद्यावर ह्या माणसाने हत्यार चालविले. ही माणसे जुन्या वस्तूचे पूजक नव्हती. दुकानात मिळणारे आपल्या काळचे चांगले हत्यार त्यांनी घेतले, आणि ते आपल्या कामाप्रमाणे वाकविले.

तिसरे उदाहरण पॉल मॅकार्टनीचे. १९६१ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे त्याने हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस सुमारे ३० पौंडांना घेतली. तो डावखुरा, दोन्ही बाजू सारख्या असलेले हे वाद्य उलटे धरले तरी विचित्र दिसत नाही, हे त्याच्या पसंतीचे एक कारण होते. १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून ते चोरीस गेले, आणि अर्धशतकानंतर सापडून परत आले. ही वार्ता फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. वास्तविक वाद्यावाचून त्याचे काही अडले नव्हते. तशाच दुसऱ्या हॉफनरवर तो १९६३ पासून वाजवीतच होता. मग परत आलेल्या वाद्यात विशेष ते काय? विशेष एवढेच, की ‘तेच हे’ असे त्याला म्हणता आले, आणि ते अक्षरशः खरे होते. हॅम्बुर्गच्या रात्री त्या लाकडासोबत त्याने काढल्या होत्या. त्याच मापांची, त्याच रंगाची नवी आवृत्ती दुसऱ्या कोणी घेतली, तर ते वाद्य उत्तम वाजेल. त्या रात्री मात्र तिच्याबरोबर येणार नाहीत. आठवण ही जगून मिळते. तिचे खरेदीखत होत नाही.

येथे एक रसिक आक्षेप घेईल. तो म्हणेल, ‘तुम्ही प्रत्येक गोष्ट उपयोगाच्या काट्यावर तोलता. केवळ सुंदर म्हणून, केवळ प्रिय म्हणून एखादी वस्तू जवळ असावी असे वाटणे हा काय अपराध आहे?’ हा आक्षेप हलका नाही. समईला वात एकच लावावयाची असताना तिच्या शिरावर हंस घडविणारा कासार, आणि तो हंस पाहून चार पैसे जास्त देणारी गृहिणी, दोघेही शहाणेच होत. सौंदर्याला दाम देणे म्हणजे उधळपट्टी नव्हे. पण प्रेम आणि मोह ह्यांत एक ओळखण्यासारखा फरक आहे. प्रेम वस्तूकडे पाहते; मोह वस्तूमधून स्वतःकडे पाहतो. ज्याला वाद्याचा घाट, त्याचे वजन, त्याचा नाद आवडतो, तो त्यावरील नाव झाकले तरी ते मागेल. ज्याला ते हाती धरलेला आपण कसे दिसू ह्याची ओढ आहे, त्याला नाव झाकलेले चालणार नाही. पहिल्याला मी अडविणार नाही. दुसऱ्याला एवढेच सांगेन, की ज्या गोष्टीसाठी तो पैसे देत आहे ती दुकानदाराजवळ नाही.

आता त्या वडिलांना उत्तर देण्याची वेळ आली. मला ते असे द्यावेसे वाटते. प्रथम वाद्य ऐकावे, आणि ते दुसऱ्याने वाजविताना पाठ फिरवून ऐकावे. शेजारी निम्म्या किमतीचे आणि पाचव्या हिश्श्याचे वाद्यही ठेवावे. मग मुलाने तिन्ही आपल्या हाती घेऊन, नाव झाकून, आपण रोज वाजवितो तेच वाजवावे. फरक त्याच्या बोटांना जाणवतो काय, आणि तो कामाचा आहे काय, हे त्यानेच प्रामाणिकपणे सांगावे. पुष्कळदा असे दिसेल, की विद्यार्थ्याच्या हाताला जो फरक जाणवत नाही, तो दहा वर्षे वाजविलेल्याच्या हाताला स्पष्ट जाणवतो: दांडीची रुंदी, मंद स्वर किती वेळ टिकतो, तार सैल न होता स्वर किती काळ राहतो. हा फरक ज्याच्या कामाला अडतो, आणि त्या कामावर ज्याची उपजीविका आहे, त्याच्यासाठी महाग वाद्य महाग नाही. सुताराने चांगला रंधा घेतला तर त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही.

जो अजून शिकतो आहे, त्याने पाचव्या हिश्श्याचे वाद्य घ्यावे आणि उरलेल्या पैशांतून उत्तम गुरू करावा. आपल्या वाद्याची मर्यादा त्याला स्वतःला कळू लागेल, तेव्हा त्याने पुढच्या वाद्याची गोष्ट काढावी. ती मर्यादा कळणे हीच त्याच्या प्रगतीची पहिली साक्ष होय. कर्ज काढून, बहिणीच्या शिक्षणाला किंवा आईच्या औषधाला ठेवलेल्या पैशांना हात लावून मात्र कोणतीही आवृत्ती घेऊ नये, मग ती कितीही शुद्ध असो. कारण तसे केल्यास वाद्याची किंमत एक जण देतो आणि वाजविण्याचा आनंद दुसरा घेतो. आणि पुढे कधी ते वाद्य विकण्याचा प्रसंग आलाच, तर ते १९६२ चे म्हणून विकू नये. नवी आवृत्ती ही नवी आहे असे उघड सांगते तोवर ती सच्ची. खुणा पुसून तिला जुनी म्हणून खपविले, की तिच्याच अंगी खोटेपणा येतो. असे खपविणारे बाजारात नाहीत असे नाही.

तात्पर्य, नव्या आवृत्तीच्या किमतीतले पहिले दोन वाटे, श्रमाचा आणि विद्येचा, ज्याला गरज आहे त्याने खुशाल द्यावेत; त्या मर्यादेत ती किंमत रास्त आहे, असे वरील हिशेबावरून दिसते. तिसऱ्या वाट्यासाठी मात्र एक पैसाही देऊ नये. ‘हेच ते’ हा शब्द आज कोणी आपल्याला विकू शकत नाही. वीस वर्षे तेच वाद्य खांद्यावर वागविले, पावसापाण्यातून नेले, त्याच्यावर चुकलो आणि सुधारलो, म्हणजे एके दिवशी त्याच्या झिजलेल्या कडेवरून हात फिरविताना तो शब्द आपल्या तोंडी आपोआप येतो. वाद्य कॅलिफोर्नियात झालेले असो की मेक्सिकोत, त्या दिवशी त्याची किंमत किती होती हे बहुधा आठवतही नाही.